जेडेड

आमच्या साहेबांनी माझ्याबद्दल इंग्रजीत एकच शब्द लिहिला आणि त्यापायी माझे तीन दिवस मजेत आणि एक रात्र वाईट गेली.

त्याचं असं झालं. वार्षिक अहवालाचे कागद साहेबांच्या टेबलावर उघडेच पडले होते. समोरच्याची स्लिप उलटी वाचायची मला एकवीस वर्षांची सवय. माझ्या नावापुढे 'जेडेड' असं दिसलं. आता मी पडलो बी. कॉम.; इंग्रजीशी माझा संबंध 'युवर्स फेथफुली'पुरता. पण जेड म्हणजे हिरवा, मौल्यवान दगड एवढं ठाऊक होतं. म्हटलं, उशिरा का होईना, साहेबांना रत्नपारख आली! घरी हिला सांगितलं. ही म्हणाली, "अहो, मग ते पगारात दिसू दे की."

चौथ्या दिवशी मुलाची डिक्शनरी उघडली आणि रत्न गळून पडलं.

त्या दगडाचा या शब्दाशी काडीचा संबंध नाही. दगडाने मूत्रपिंडाची कळ थांबते अशा समजुतीने स्पॅनिश लोक त्याला 'पिएद्रा दे इहादा', म्हणजे कुशीचा दगड म्हणत. फ्रेंचांच्या तोंडून जाता जाता त्याचं 'जेड' झालं. माझ्या वाट्याचा जेड हा घोडा निघाला, आणि तोही मरतुकडा! चौदाव्या शतकाच्या अखेरीस चॉसरने 'कँटरबरी टेल्स'मध्ये एका पाद्र्याच्या हडकुळ्या घोड्याला हाच शब्द लावलाय.

इंग्रजांचा दमणूक-खाता निम्मा तबेल्यातच भरलेला दिसतो. 'हॅकनी' म्हणजे भाड्याने द्यायचं घोडं. ज्याने त्याने दामटून त्याचं जे होई, त्यावरून गुळगुळीत झालेलं वाक्य ते 'हॅकनीड'. (लंडनच्या टॅक्सीला कायदा अजून 'हॅकनी कॅरेज'च म्हणतो.) 'नॅकर' म्हणजे कामातून गेलेली घोडी विकत घेऊन मारणारा, म्हणून फार दमलेला इंग्रज स्वतःला 'नॅकर्ड' म्हणवतो. आपण तरी काय, 'भाड्याचं तट्टू' म्हणतोच.

पण जेडेड म्हणजे नुसता दमलेला नव्हे. दमलेला माणूस रविवारी दुपारी ताणून देतो आणि सोमवारी ताजा होतो. सतराव्या शतकात या शब्दाचा अर्थ पुढे सरकला: तेच ते फार झाल्याने ज्याला कशाचीच चव उरली नाही, तो जेडेड. रोज श्रीखंड खाणाऱ्याची जीभही जेडेडच. मराठीत याला 'विटलेला' हा झकास शब्द आहे. रंग विटतो, कापड विटतं, मनही विटतं.

तरी एक फरक राहतोच. १६००च्या सुमारास 'जेड' हे क्रियापदही रूढ होतं, आणि त्याचा अर्थ दमवणे. म्हणजे जेडेड हा दमलेला नाही, दमवलेला! व्याकरणाप्रमाणे घोड्यावर कुणीतरी बसलेलं आहे. हे लक्षात येताच मला हुरूप आला. साहेबांनी माझ्या अहवालात नकळत स्वतःचाच अहवाल लिहिला होता! आम्ही वहीत यंत्राला दरसाल घसारा लावतो. माणसाचा घसारा लावायचा रकानाच नाही. वाटलं, सकाळी जाऊन हे साहेबांना ऐकवावं.

पण रात्री झोप येईना. गेल्या नोव्हेंबरात एक पेन्शनर आजी हयातीचा दाखला द्यायला आल्या होत्या. मी कागद घेतला, सही घेतली, शिक्का मारला. बाई जिवंत असल्याची नोंद केली, आणि त्यांच्या तोंडाकडे एकदाही पाहिलं नाही. त्या वेळी माझ्यावर साहेब बसलेले नव्हते. ते रजेवर होते.

साहेबांना काही ऐकवलं नाही. पहिल्या तारखेला आजी पेन्शन काढायला आल्या तेव्हा मान वर करून म्हटलं, "काय आजी, बऱ्या आहात ना?"

आजींनी मला नीट न्याहाळलं. मग काळजीने म्हणाल्या, "मी बरी आहे हो. तुमचीच बदली झाली की काय?"