चित्राखालचे दोन पत्ते

रँडल मन्रो यांच्या 'एक्सकेसीडी' या काड्यांच्या माणसांच्या चित्रमालिकेत प्रत्येक चित्राखाली दोन ओळी असतात. पहिलीत त्या पानाचा कायमचा पत्ता, दुसरीत नुसत्या चित्राचा पत्ता. दुसरी ओळ ज्याला ते चित्र आपल्या पानावर डकवायचे असेल त्याच्या सोयीसाठी. मालिका २००५ साली सुरू झाली. तिच्यातले गणिताचे विनोद ज्यांना तोंडपाठ आहेत, त्यांचेही या दोन ओळींकडे क्वचितच लक्ष गेले असेल. पण वेबकॉमिक नावाच्या प्रकाराचा सारा प्रवास या दोन ओळींमधल्या फटीत मावतो. आवडलेली गोष्ट दुसऱ्याला दाखवताना वाचकाने त्याच्या हाती काय ठेवले, पानाचा पत्ता की तिथून उचललेले चित्र, यावर चित्रकथेची लांबी, तिचा आकार आणि काढणाऱ्याची चूल कशी पेटणार हे ठरत गेले. हा इतिहास एरवी चित्रकारांच्या नावांनी सांगितला जातो. पाठवणाऱ्यांच्या बाजूने पाहिला तर तो जास्त उलगडतो, असे माझे म्हणणे आहे.

छापील वर्तमानपत्राच्या जगात वाचकाला शोधायचे काही नव्हते. अमेरिकेत चित्रमालिका सिंडिकेटकडून येत. चित्रकार सिंडिकेटला विकायचा, सिंडिकेट शेकडो संपादकांना विकायची आणि वाचकाच्या दारात पेपराबरोबर ती आपोआप पडायची. चार्ल्स शुल्झ यांची 'पीनट्स' २ ऑक्टोबर १९५० रोजी सात वर्तमानपत्रांत सुरू झाली आणि अखेरीस अडीच हजारांहून अधिक पत्रांत पोचली. हा प्रसार वाचकाच्या उत्साहावर नव्हे, विक्रेत्याच्या फेऱ्यांवर झाला. या व्यवस्थेने मालिकेला एक सवयही लावली. काल पेपर आला नसेल, रद्दीत गेला असेल, हे गृहीत धरून रोजची पट्टी स्वतःच्या पायावर उभी राहायला हवी. १९९१ पासून 'सकाळ'मध्ये येऊ लागलेल्या 'चिंटू'च्या वाचकाला हे समजावून सांगायला नको. तीन-चार चौकटींत विषय उघडून तिथेच मिटतो. ही मर्यादा चित्रकाराच्या कुवतीची नव्हती. कालचा अंक वाचकाच्या हाताशी नसतो, एवढेच तिचे कारण.

संगणकाच्या जाळ्यावर पहिले आले ते याच सवयीचे लोक. जो एकायटिस यांची 'टी.एच.ई. फॉक्स' १९८६ पासून कॉम्प्युसर्व्हसारख्या सेवांवर मिळे, आणि कोलोरॅडो विद्यापीठाच्या पेपरातली 'व्हेअर द बफेलो रोम' नव्वदच्या दशकाच्या आरंभी यूझनेट या चर्चाजाळ्यावरून उतरवून घेता येई. सप्टेंबर १९९३ मध्ये डेव्हिड फार्ली यांचे 'डॉक्टर फन' खास वेबसाठी नियमित येऊ लागले, तेही एकाच चौकटीचे चित्र. खरा बदल पुढे झाला, आणि तो चित्रात नव्हे तर चित्राखालच्या चार बटणांत झाला: पहिला भाग, मागचा, पुढचा, ताजा. पीट अब्राम्स यांची 'स्लगी फ्रीलान्स' ऑगस्ट १९९७ मध्ये सुरू झाली तेव्हा ती विनोदी पट्टीच होती, पण पाहता पाहता तिची महिनोन् महिने चालणारी, मागच्या धाग्यांवर उभी राहणारी कथा झाली. हे शक्य झाले कारण मित्राने पत्ता दिला म्हणून आज आलेला वाचक 'पहिला भाग' दाबून रात्रभरात सगळे वाचून काढू शकत होता. पत्ता देणे म्हणजे एक विनोद देणे नव्हते. अख्खे फडताळ उघडून देणे होते. म्हणून जे चित्रकार मागचे भाग जपून ठेवत त्यांना दीर्घकथा परवडली, आणि दीर्घकथेने वाचकाला पुन्हा पत्ता वाटायला लावले. अँड्र्यू हसी यांची 'होमस्टक' (२००९ ते २०१६) आठ हजारांहून अधिक पानांपर्यंत वाढली. कोणत्याही सिंडिकेटच्या विक्रेत्याने तो गठ्ठा उचलला नसता.

पत्ते वाटण्याची रीतही ठरून गेली होती. जवळपास प्रत्येक चित्रकाराच्या स्थळावर 'दुवे' नावाचे एक पान असे, आणि त्यात त्याला आवडणाऱ्या इतर मालिकांची यादी. कोणी आजारी पडला, सुट्टीवर गेला, की त्याच्या जागी मित्रमंडळी पाहुणी चित्रे काढून देत, आणि त्या चित्राखाली पाहुण्याचा पत्ता असे. एका मालिकेचे वाचक दुसरीकडे वळवण्याचा तो राजमार्ग होता. वाचकांनी मग आपल्या परीने भर घातली. सगळ्या मालिकांच्या सूच्या केल्या, कोण कुठवर वाचून थांबला आहे याची खूण ठेवणारी 'पिपर्का'सारखी साधने उभी केली. 'डायनासोर कॉमिक्स'वाले रायन नॉर्थ यांच्या 'ओ नो रोबोट'वर तर वाचक चौकटींतले संवाद स्वतः टंकून देत. चित्रातली अक्षरे शोधयंत्राला वाचता येत नव्हती, म्हणून 'तो डायनासोर अमुक म्हणाला होता, ते चित्र कुठले?' या प्रश्नाला यंत्राकडून उत्तर मिळावे यासाठी लोक फुकट कारकुनी करत होते. सिंडिकेटच्या विक्रेत्याला पगार तरी होता.

यात एक गैरसोय होती आणि तिचा विसर पडला तर पुढचा भाग कळत नाही. त्या काळी प्रत्येक वाचक चित्रकाराला खर्चात पाडत असे. चित्र त्याच्या सर्व्हरवरून जाई, आणि किती माहिती वाहून गेली यावर त्याचे बिल येई. 'पेनी आर्केड'सारख्या गाजलेल्या स्थळाने कौतुकाने एखाद्या छोट्या मालिकेचा दुवा दिला की ती मालिका गर्दीने कोलमडून बंद पडायची. त्याहून राग येई तो चित्र परस्पर आपल्या पानात डकवणाऱ्यांचा: वाचक त्यांचे, बिल चित्रकाराचे. अनेकांनी तशी उचल अडवून धरली होती. त्या पार्श्वभूमीवर 'एक्सकेसीडी'ने चित्राचा पत्ता आपण होऊन देणे, आणि बिगरव्यापारी वापराला क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली मोकळीक देणे, ही धोरणातली उडी होती.

इथे पहिला आक्षेप येतो. वाचक फुकट वाटत राहिले म्हणूनच चित्रकार उपाशी राहिले. पैसे मागण्याची सोय असती तर प्रकार अधिक सशक्त झाला असता. हा विचार त्या काळच्या सर्वांत बुद्धिमान माणसाचा होता. चित्रकथाकार स्कॉट मॅक्लाउड यांनी २००० साली 'रीइन्व्हेंटिंग कॉमिक्स'मध्ये पडद्याच्या पलीकडे पसरणाऱ्या अमर्याद कागदाची कल्पना मांडली, आणि तिच्या जोडीला वाचकाने काही सेंट मोजावेत अशी सूक्ष्म देयकांची. २००३ मध्ये त्यांनी 'द राइट नंबर' ही कथा पंचवीस सेंटांना, बिटपास या सेवेतून विकली. २००७ मध्ये बिटपास बंद पडली. जोई मॅन्ली यांच्या 'मॉडर्न टेल्स'ने २००२ पासून वर्गणीचा मार्ग धरला: ताजा भाग मोफत, मागचे सगळे वर्गणीदारांना. कल्पना सरळ होती, पण कुलूप नेमके चुकीच्या कपाटाला लागले. नव्या वाचकाला ओढून आणणारी वस्तू म्हणजे मागचे भाग, आणि ते तर आत. मित्राने दिलेल्या पत्त्यावर येऊन दार बंद दिसले तर माणूस मित्राला दोष देत नाही, पण पुन्हा त्या वाटेला जात नाही. उलट ज्यांनी सगळे उघडे ठेवले त्यांना पैसे मागून मिळाले. 'द ऑर्डर ऑफ द स्टिक' या मालिकेच्या संपलेल्या पुस्तकांच्या पुनर्मुद्रणासाठी २०१२ मध्ये किकस्टार्टर या लोकवर्गणीच्या स्थळावर हाक दिली गेली तेव्हा सुमारे पंधरा हजार वाचकांनी साडेबारा लाख डॉलर दिले. जे पडद्यावर फुकट वाचून झाले होते, तेच त्यांनी छापून मागितले.

मग २०१०च्या आसपास हाती द्यायची वस्तूच बदलली. फेसबुक, टंबलर, रेडिट यांच्या ओघात पत्ता जड वाटू लागला. चित्र हलके, जागच्या जागी दिसणारे. १ जुलै २०१३ रोजी गूगल रीडर बंद झाला आणि आवडत्या मालिकांच्या नव्या भागांची रोज नीट मांडलेली रास मिळण्याची अनेकांची सवय तुटली. या बदलाची झळ 'द ओटमील'चे मॅथ्यू इनमन यांना आधीच लागली होती. त्यांची शेकडो चित्रे 'फनीजंक' नावाच्या स्थळावर नावाशिवाय फिरत असल्याची तक्रार त्यांनी २०११ मध्ये जाहीरपणे केली, तर २०१२ मध्ये बदनामीबद्दल वीस हजार डॉलर भरण्याची मागणी त्यांच्याकडेच करण्यात आली. त्यांनी वाचकांकडून दोन लाखांहून जास्त डॉलर गोळा केले आणि ते वन्यजीव व कर्करोग संस्थांसाठी जाहीर केले. पत्त्याच्या काळात जमवलेला वाचक असा कामी आला. के. सी. ग्रीन यांच्या वाट्याला वेगळेच आले. जानेवारी २०१३ मधल्या त्यांच्या सहा चौकटींच्या कथेत जळत्या खोलीत कॉफी पीत बसलेला, सगळे ठीक आहे म्हणणारा कुत्रा होता. जगभर फिरल्या त्या पहिल्या दोनच चौकटी. उरलेल्या चार चौकटींत तो कुत्रा वितळून जातो, हे पाठवणाऱ्यांतल्या बहुतेकांना ठाऊक नसते. २०१६ मध्ये अमेरिकेच्या रिपब्लिकन पक्षाच्या ट्विटर खात्याने तो वापरला. ग्रीन यांनी निषेध केला, पुढे त्याच कुत्र्याची नवी कथा काढली, कुत्र्याची मऊ बाहुलीही विकली. चित्र पोचले ते अफाट, यात वाद नाही. पण कथा पोचली नाही. आपल्याकडे व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणाऱ्या व्यंगचित्रांत कोपऱ्यातली सही सगळ्यांत आधी कापली जाते, त्याचीच ही थोरली आवृत्ती.

दुसरा आक्षेप तंत्रज्ञानाचा, आणि तो वजनदार आहे. मालिकांचा आकार पाठवण्याने नव्हे, पडद्याने ठरवला: मंद मोडेम होते म्हणून छोटी चित्रे, मोबाइल आला म्हणून खाली खाली सरकणारी लांब पट्टी. दक्षिण कोरियाचा दाखला याच्या आड येतो. तिथे १९९७च्या आर्थिक संकटानंतर छापील चित्रकथांचा बाजार खचला, आणि डाउम (२००३) व नेव्हर (२००४) या मोठ्या पोर्टलांनी चित्रकथा मोफत द्यायला सुरुवात केली. कांग फुल यांची उभ्या पट्टीतली प्रेमकथा २००३ मध्ये आली, आयफोनच्या चार वर्षे आधी. तेव्हा लोक टेबलावरच्या संगणकावर माउसचे चाक फिरवून वाचत होते. तोच पडदा, तेच चाक अमेरिकेतही होते, पण तिथे पट्टी आडवी आणि पाने सुटी राहिली. फरक वितरणाचा होता. कोरियात सगळे एकाच दारातून आत येत, भागाखाली तारे व शेरे देत, आणि हौशी चित्रकार वाचकांच्या पसंतीवर वर चढत. तिथे पूर्ण भाग हेच वाटण्याचे माप होते. फोन आल्यावर हा आकार त्यात चपखल बसला, म्हणून तो फोनचाच वाटतो. इंग्रजी वाचकांना मात्र तो आधी भेटला हौशी अनुवादकांच्या हातून. नेव्हरची 'वेबटून' ही अधिकृत इंग्रजी सेवा २०१४ च्या जुलैत सुरू झाली.

तिसऱ्या आक्षेपाला माझ्याकडे पुरते उत्तर नाही. वाचकांचे वितरण म्हणजे लोकशाही, असे मानणे भाबडेपणाचे आहे. पहिल्या दहा वर्षांत जे पसरले ते व्हिडिओ गेम आणि प्रोग्रामरांच्या कचेऱ्यांवरचे: 'पेनी आर्केड', 'पीव्हीपी', 'यूजर फ्रेंडली'. जाळ्यावर जे होते तेच एकमेकांना पाठवत होते. संपादक गेला आणि त्याच्या जागी एका आवडीचा गोतावळा बसला. हे मान्य. पण यातून मुद्दा खोटा ठरत नाही. कोण पाठवतो यावर काय टिकते हे ठरते, एवढेच पक्के होते. अ‍ॅलिस ओझमन यांची 'हार्टस्टॉपर' २०१६ मध्ये टंबलरच्या वाचकवर्गात वाढली, ती 'यूजर फ्रेंडली'च्या वाचकांत वाढली नसती. नागपूरचे रोहन चक्रवर्ती यांची वन्यजीवांवरची 'ग्रीन ह्यूमर' पक्षिनिरीक्षक आणि जंगलप्रेमींच्या हातून फिरत फिरत उलट्या दिशेने गेली: आधी वेब, मग आंतरराष्ट्रीय सिंडिकेट आणि वर्तमानपत्र.

काही चित्रकारांनी मात्र उचलता येणारच नाही असे काढून दाखवले. होरांग यांच्या २०११ मधल्या कोरियन भयकथेत वाचक खाली सरकत असताना पान एकदम स्वतःहून धावते. ती जगभर गेली, पण फक्त पत्त्याने, आणि बहुधा काही न सांगता. मन्रो यांचे 'टाइम' २५ मार्च २०१३ रोजी समुद्रकाठच्या दोन माणसांच्या एका चित्राने सुरू झाले आणि चार महिने तेच चित्र बदलत राहिले, तीन हजारांहून अधिक वेळा. त्याखालीही त्या दोन ओळी होत्या. दुसरी तिथे निरुपयोगी होती.

मालिकांना परस्परांच्या पानांवर जाहिराती देता याव्यात म्हणून रायन नॉर्थ यांनी २००६ मध्ये काढलेली 'प्रोजेक्ट वंडरफुल' ऑगस्ट २०१८ मध्ये बंद झाली. जुनी दुव्यांची पाने आता इंटरनेट अर्काइव्हच्या साठ्यातच भेटतात. नव्वदच्या दशकातली पाने जपताना तिथे मजकूर बहुधा वाचला, चित्रे बरीचशी निसटली. त्यामुळे एखाद्या मृत मालिकेचे पान उघडले की चौकटीच्या जागी रिकामा चौकोन दिसतो. तिची शिफारस करणारी दुसऱ्याच्या पानावरची ओळ मात्र शाबूत असते: ही वाचा, सुरुवातीपासून वाचा.