रापा नुईची झाडे कोणी तोडली?

इ.स. १७२२ मध्ये ईस्टरच्या रविवारी डच दर्यावर्दी याकोब रोखेवेन पॅसिफिक महासागरातल्या एका एकाकी बेटापाशी पोहोचला. दुरून त्याला तिथे वाळूच वाळू दिसली. जवळ गेल्यावर उलगडा झाला, की ते करपलेले गवत होते. युरोपियनांनी बेटाचे नाव ठेवले ईस्टर. तिथले लोक त्याला रापा नुई म्हणतात. चिलीच्या किनाऱ्यापासून ते सुमारे ३५०० किलोमीटर दूर आहे आणि त्याचे क्षेत्रफळ अवघे १६४ चौरस किलोमीटर आहे.

या उजाड बेटावर एकेकाळी ताडाचे जंगल होते. सरोवरांच्या गाळात सापडलेले परागकण त्याची साक्ष देतात. इ.स. १२०० च्या सुमारास पॉलिनेशियन लोक येथे आले आणि पुढच्या चार-पाच शतकांत जंगल संपले. जेरेड डायमंड यांच्या 'कोलॅप्स' (२००५) या ग्रंथाने एक गोष्ट जगभर पोहोचवली: मोआई नावाच्या प्रचंड पाषाणमूर्तींच्या हव्यासापायी बेटवासीयांनी झाडे तोडली आणि स्वतःचाच नाश ओढवून घेतला.

कुऱ्हाड चालली, शेतीसाठी आग लावली गेली, हे खरेच आहे. होड्यांतून आलेल्या उंदरांनी ताडाच्या बिया कुरतडल्या, हेही खरे. पण तोडलेले जंगल पुन्हा का उगवले नाही? याचे उत्तर बऱ्याच अंशी आभाळात आहे.

रापा नुईवर बारमाही नदी नाही. पावसाचे पाणी सच्छिद्र ज्वालामुखी खडकात मुरून जाते. साठते ते फक्त तीन मृत ज्वालामुखींच्या विवरांत. समुद्राचे तापमान आणि वाऱ्यांची दिशा बदलली की पाऊसही कमी-जास्त होतो. गाळाच्या अभ्यासातून दिसते, की सोळाव्या शतकाच्या मध्यापासून पाऊस घटला आणि हा कोरडा काळ शंभराहून अधिक वर्षे टिकला. चांगल्या पावसात तोडलेल्या रानाला पालवी फुटते; दुष्काळात कोवळे रोप जळते, वाळलेल्या रानात आग पसरते आणि पीक बुडालेला माणूस नवी जमीन साफ करू लागतो. त्यात हे ताड ज्या चिलीतल्या ताडासारखे होते, तो फार सावकाश वाढतो. गेलेले झाड भरून यायला कित्येक दशके लागणार. पाऊस तेवढा थांबायला तयार नव्हता.

हजरत यूसुफ यांच्या किश्शात दुष्काळ सात वर्षांचा आहे आणि त्याची खबर आधी मिळते, म्हणून कोठारे भरता आली. या बेटाला ना खबर होती ना शेजार. तरीही लोक हातपाय गाळून बसले नाहीत. शेतात दगड पसरून त्यांनी जमिनीतली ओल राखली, वाऱ्यापासून रताळी वाचवली आणि किनाऱ्यावर जिथे गोडे पाणी झिरपते तिथून ते भरले. तिथल्या पूर्वजांच्या डीएनएचा २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास सांगतो, की सतराव्या शतकात लोकसंख्या कोसळली नव्हती.

ती कोसळली १८६२ नंतर. पेरूहून आलेल्या गुलामांच्या व्यापाऱ्यांनी सुमारे दीड हजार माणसे पकडून नेली. जे थोडे परतले, त्यांच्यासोबत देवी आली. १८७७ मध्ये बेटावर उरली होती १११ माणसे.

झाडे जाणे आणि माणसे जाणे या दोन वेगळ्या घटना आहेत. पहिलीत माणूस, उंदीर आणि दुष्काळ तिघांचा हात होता. दुसरीत बाहेरच्या माणसाचा. दोन्ही एकत्र करून 'त्यांनी स्वतःच स्वतःला बुडवले' असे म्हटले, की खरा गुन्हेगार सुटतो आणि ज्यांच्यावर जुलूम झाला तेच दोषी ठरतात. इतिहास शिकवणाऱ्याने निदान एवढा इन्साफ तरी करावा.