पंचाचा शब्द : झाडीपट्टीतील शंकरपट आणि खेळातील नियमांचा अधिकार

शंकरपट ही बैलजोड्यांची शर्यत. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या जिल्ह्यांतील धानाच्या मुलखाला झाडीपट्टी म्हणतात. तेथे धानाची मळणी आटोपली, बांध्या कोरड्या पडल्या की पटांचा हंगाम सुरू होतो आणि साधारण होळीपर्यंत चालतो. पटाच्या गप्पा निघाल्या की जोडीचे नाव होते, ती हाकणाऱ्या धुरकऱ्याचे नाव होते. ज्याच्या शब्दावर हार-जीत ठरते त्या पंचाचे नाव सहसा निघत नाही. पण नियम कोणी करायचा, तो लावायचा कोणी आणि नियमात न बसणारी गोष्ट घडली तर निवाडा कोणाचा, हे प्रश्न या खेळाच्या मुळाशी आहेत. पटाचा इतिहास त्यांच्या अंगाने पाहिला तर बराच वेगळा दिसतो.

इटियाडोह हे गाढवी नदीवरचे धरण गोंदिया जिल्ह्याच्या अर्जुनी मोरगाव तालुक्यात, गोठणगावजवळ आहे. १ मे १९९९ पर्यंत हा भाग भंडारा जिल्ह्यात होता. धरण १९७०च्या सुमारास पूर्ण झाले. त्याच्या कालव्यांचे पाणी गोंदियाबरोबरच भंडारा आणि गडचिरोली जिल्ह्यांतील शेतांपर्यंत जाते. पटाचा आणि धरणाचा संबंध जमिनीतून येतो. धावपट्टी आखायची तर बांध्यांमधले धुरे मोडून लांब, सरळ, कोरडी जमीन तयार करावी लागते. जिथे कालव्याच्या पाण्यावर उन्हाळी धान लागतो तिथे ही जमीन फार दिवस मोकळी राहत नाही. पट कुठे भरवायचा आणि किती दिवस चालवायचा, हा गावाचा पहिला निर्णय असा पाण्याशी बांधलेला असतो.

पट धावण्याच्या रीती दोन. एका रीतीत दोन जोड्या शेजारी-शेजारी सुटतात आणि जी आधी पोहोचते ती जिंकते. दुसऱ्या रीतीत एकेक जोडी धावते आणि वेळ घड्याळावर मोजली जाते. पहिल्या रीतीत पंचाचा डोळा महत्त्वाचा, दुसऱ्या रीतीत त्याचा अंगठा, कारण घड्याळ दाबणारा हात क्षणभर मागे राहिला तरी निकाल फिरू शकतो. कोणतीही रीत असली तरी वादाच्या जागा त्याच राहतात. झेंडी पडण्याआधी जोडीने झेप घेतली तर ती परत आणायची की बाद करायची? धावताना एक बैल पट्टीबाहेर गेला आणि पुन्हा आत आला तर? धुरकरी खाली पडला आणि जोडी एकटीच रेषेपार गेली तर ती वेळ धरायची का? रेषा ओलांडली असे केव्हा म्हणायचे, बैलाचे तोंड पोहोचले तेव्हा की चाक पोहोचले तेव्हा? लोक पट्टीवर उतरल्यामुळे जोडी बिथरली तर दुसरी संधी द्यायची का?

या प्रश्नांची उत्तरे सगळीकडे सारखी नव्हती. एका गावात जे चालते ते दहा कोसांवरच्या गावात चालत नसे, आणि बाहेरगावच्या जोडीवाल्याने यजमान गावाची रीत मान्य करूनच उतरायचे असते. म्हणून नियम आधी सर्वांना ऐकवणे हे पंचाचे पहिले काम. जे आधी सांगितले त्याबद्दल नंतर भांडता येत नाही. जे सांगायचे राहिले आणि नेमके तेच घडले, तिथे पंचाला जागच्या जागी नियम करावा लागतो. त्याचा खरा कस इथे लागतो. कारण त्याने आज जे ठरवले ते उद्याच्या जोडीलाही लावावे लागते, आणि ते ठरवताना पुढे कोणाची जोडी धावणार आहे हे त्याला ठाऊक असते.

हा अधिकार येतो कुठून? पंचाजवळ दंड करण्याचे फारसे साधन नसते. एक आधार त्याच्या जाणकारीचा. बैलाच्या चालीवरून तो बिथरला आहे की मुद्दाम दाबला जातो आहे हे ओळखणारा माणूसच पंच म्हणून टिकतो. दुसरा आधार गावाचा, आणि तो अधिक बळकट. झाडीपट्टीत पट हा पाहुण्यारावळ्यांचा सण आहे. लेकी माहेरी येतात, सोयरिकी जुळतात, आणि रात्री झाडीपट्टी रंगभूमीचे नाटक पहाटेपर्यंत चालते. ही नाटके करणाऱ्या मंडळींचे मोठे केंद्र म्हणजे गडचिरोली जिल्ह्यातील देसाईगंज, अर्थात वडसा. दिवसा पटात हरलेला माणूस रात्री जिंकणाऱ्याच्याच शेजारी नाटकाला बसतो, आणि पुढच्या वर्षी कदाचित त्याचा व्याही होतो. निकाल मोडून काढायचा म्हणजे हे सारे मोडायचे. दुसरीकडे निकालाला पैशाची बाजूही असते, कारण पट मारलेल्या जोडीची किंमत चढते. या दोन ताणांमध्ये पंचाचा शब्द उभा असतो आणि बहुतेक वेळा तो मानला जातो, हे झाडीपट्टीच्या समाजाचे मोठे संचित आहे.

या भागात गावाने एखाद्यावर निवाडा सोपवण्याची सवय जुनी आहे. इटियाडोहजवळचा नवेगावबांधचा तलाव कोलू पाटील कोहळी यांनी बांधला, अशी परंपरा सांगते. कोहळी समाजाने या मुलखात तलाव बांधण्याची आणि त्यावर ऊस-धान पिकवण्याची विद्या वाढवली. पुढे मालगुजारी पद्धतीत हे तलाव मालगुजारांच्या ताब्यात राहिले, म्हणून त्यांना मामा तलाव, माजी मालगुजारी तलाव, असे नाव पडले. पाणी कोणाच्या बांधीत आधी जाईल आणि कोणाच्या नंतर, हे ठरवायला गावाने नेमलेला माणूस असे. पाऊस कमी झाला की रीतीत नसलेले प्रश्न उभे राहत, आणि ते सोडवताना त्याला रीतीच्या आशयाकडे पाहावे लागे. १९५१ मध्ये मध्य प्रदेश सरकारने मालगुजारी नष्ट केली, भंडारा तेव्हा त्याच राज्यात होता. तलाव सरकारकडे गेले आणि पाण्याचे नियम कागदावर आले. पटाचे नियम मात्र पुढची साठ वर्षे गावाच्याच हाती राहिले.

महाराष्ट्रातील इतर देशी खेळांचा प्रवास वेगळा झाला. खो-खो आणि हुतुतू हेही गावागणिक बदलणारे खेळ होते. १९१४ मध्ये पुण्याच्या डेक्कन जिमखान्याने खो-खोचे नियम बांधायला घेतले. १९२३ मध्ये बडोद्याच्या हिंद विजय जिमखान्याने हुतुतूचे नियम छापून स्पर्धा भरवल्या. मेलेला गडी पुन्हा उठतो की बाहेरच राहतो, हा कबड्डीतला मूळ मतभेद होता, आणि संजीवनी, गामिनी, अमर असे प्रकार त्यातूनच वेगळे ओळखले जात. अखिल महाराष्ट्र शारीरिक शिक्षण मंडळाने पुढे त्यात एकवाक्यता आणली. अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकाने १९३६ मध्ये बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी देशी खेळांची प्रात्यक्षिके दाखवली. परक्या प्रेक्षकांसमोर खेळायचे तर नियम एकच हवा, ही गरज त्या काळात स्पष्ट होत गेली. नियम छापले गेले तसा पंचाचा अधिकार आक्रसला. तो नियम करणारा राहिला नाही, नियम लावणारा झाला. चढाई करणाऱ्याचा दम सुटला की नाही, हे मात्र शेवटी त्याच्याच कानावर सोडावे लागले.

पंचाला नियमाहून मोठे करायचे की नियमाला पंचाहून, हा वाद युरोपात युद्धखेळाच्या निमित्ताने झाला. प्रशियात बॅरन फॉन राइसवित्स यांनी १८१२ मध्ये राजा तिसरा फ्रेडरिक विल्हेल्म याच्यासाठी नकली रणभूमीवरचा खेळ तयार केला. त्यांच्या लष्करातील मुलाने १८२४ मध्ये तो नकाशावर आणून त्याचे नियम प्रसिद्ध केले. दोन्ही बाजूंचे खेळाडू आपले हुकूम पंचाला देत. कोणाला शत्रू कुठे दिसतो हे पंच ठरवी, फासे टाकून आणि तक्ते पाहून हानी मोजी. तक्ते वाढत गेले तसा खेळ मंदावला आणि तो चालवणारे पंच मिळेनासे झाले. १८७६ मध्ये युलियस फॉन वेर्डी द्यू व्हेर्न्वा या अधिकाऱ्याने तक्ते आणि फासे बाजूला ठेवून अनुभवी अधिकाऱ्याच्या निर्णयावर खेळ चालवावा असे सुचवले. लढाई पाहिलेल्या माणसाला तक्त्याची गरज नाही, हा त्याचा युक्तिवाद. झाडीपट्टीत जुन्या बैलवाल्याला पंच करतात त्यामागचा विचार याहून फारसा निराळा नाही.

हाच धागा पुढे टेबलावरच्या भूमिका-खेळांपर्यंत जातो. अमेरिकेतील डेव्हिड वेस्ली यांनी १८८०च्या एका जुन्या लष्करी युद्धखेळातून पंचाच्या मुक्त अधिकाराची कल्पना उचलली आणि १९६९ मध्ये ‘ब्राउनस्टाइन’ हा खेळ खेळवला. त्यात खेळाडू एकेका पात्राच्या भूमिकेत होते आणि नियमात नसलेली कृती सुचवू शकत होते. ती जमली की फसली, हे वेस्ली ठरवत. त्या खेळात भाग घेतलेले डेव्ह आर्नसन यांनी गॅरी गायगॅक्स यांच्यासह १९७४ मध्ये ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ प्रसिद्ध केला. त्या पहिल्या पुस्तिकांत खेळ चालवणाऱ्याला पंचच म्हटले होते, ‘डन्जन मास्टर’ ही पदवी नंतर रूढ झाली. १९७९ मध्ये गायगॅक्स यांनी या भूमिकेसाठी स्वतंत्र ग्रंथ लिहिला. खेळ चालवणारा कोणताही छापील नियम बदलू शकतो, हे तत्त्व पुढे ‘शून्यावा नियम’ म्हणून ओळखले जाऊ लागले. त्याविरुद्धही खेळ निघाले. २००९ च्या ‘फियास्को’त असा अधिकारीच नाही, तर २०१० च्या ‘अपॉकॅलिप्स वर्ल्ड’मध्ये त्याने काय करायचे हेच नियमांनी बांधले आहे.

पटाचा पंच आणि हा खेळ चालवणारा यांत एक मोठा फरक आहे. भूमिका-खेळातला पंच जगही स्वतःच उभे करतो, राक्षस कुठल्या दाराआड आहे हे त्यालाच ठाऊक असते. पटाच्या पंचापुढे खरे बैल, खरी माती आणि हजारो डोळे असतात. त्याने मनाने काही रचले तर ते तिथेच उघडे पडते. शिवाय भूमिका-खेळात पंचाच्या चुकीची किंमत एका रात्रीच्या रसभंगापुरती असते. पटात ती बैलाच्या अंगावर पडू शकते, आणि पटाचे नियम गावाबाहेरून येण्याचे कारणही हेच ठरले.

गावच्या रीतीने पंच वेग मोजत होता. बैलाला काय सोसावे लागते हे मोजण्याची त्याच्यावर सक्ती नव्हती. टोकदार काठी टोचणे, शेपटी पिरगळणे असे प्रकार होत आणि अनेक ठिकाणी ते शर्यतीचाच भाग मानले जात. ही उणीव खरी होती, ती नाकारून पटाचे भले होणार नव्हते. केंद्र सरकारने ११ जुलै २०११ रोजी प्रदर्शनासाठी वापरायला मनाई असलेल्या प्राण्यांच्या यादीत बैलाचा समावेश केला. ७ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने जल्लिकट्टू आणि बैलगाडा शर्यती या दोन्हींवर बंदी घातली. झाडीपट्टीतले पट थांबले. महाराष्ट्राने २०१७ मध्ये प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणाऱ्या कायद्यात राज्यापुरती दुरुस्ती केली, परंतु त्याच वर्षी उच्च न्यायालयाने शर्यती रोखल्या. १६ डिसेंबर २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने अटींवर परवानगी दिली आणि १८ मे २०२३ रोजी पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने तमिळनाडू, कर्नाटक आणि महाराष्ट्र यांचे कायदे वैध ठरवले.

आता पटाला जिल्हाधिकाऱ्यांची पूर्वपरवानगी लागते. धावपट्टी १००० मीटरपेक्षा लांब असू शकत नाही. बैल धावण्यास योग्य आहे की नाही याची तपासणी पशुवैद्यक करतो. काठी, चाबूक किंवा विजेचा झटका देणारे साधन वापरता येत नाही. कायदा मोडल्यास पाच लाख रुपयांपर्यंत दंड किंवा तीन वर्षांपर्यंत कैदेची तरतूद आहे. गावच्या पंचाला पूर्वी ज्या गोष्टीकडे दुर्लक्ष करता येत होते ती आता त्याला पाहावीच लागते, आणि ती पाहिली नाही तर जबाबदारी आयोजकांवर येते.

त्यामुळे नियमांचा अधिकार तीन ठिकाणी वाटला गेला आहे. बैलाच्या जिवाचे नियम सरकारचे, त्यांत गावाला सूट देता येत नाही. गट किती करायचे, बक्षिसे किती, जोड्या धावणार कोणत्या क्रमाने, हे आयोजक समितीचे. अमरावती जिल्ह्यातील तळेगाव दशासरच्या पटात महिला धुरकऱ्यांचा गट असतो, तो अशाच समितीच्या निर्णयातून आला. आणि जोडी झेंडीआधी सुटली का, पट्टी सोडली का, रेषा आधी कोणी ओलांडली, हे अजून पंचाचे. काही पटांत वेळ मोजायला विजेची यंत्रे आणि चित्रीकरण आले आहे, त्यामुळे रेषेवरचा वाद कमी झाला. सुरुवातीच्या झेंडीचा वाद मात्र यंत्राने मिटलेला नाही, कारण जोडी स्वतःहून झेपावली की धुरकऱ्याने आधी सोडली, हे बैलाला जाणणाऱ्या माणसालाच सांगावे लागते.