अश्रू का आटले?

डोळ्यांत पाणी येते ते रडताना, असा आपला समज असतो. खरे तर डोळा दिवसभर ओलाच असतो. अश्रुग्रंथींतून पाणी सतत थोडे थोडे पाझरते आणि पापणी दर उघडझापीला ते डोळ्यावर सारवून घेते. हे नुसते खारे पाणी नव्हे. त्यात जिवाणूंची पेशीभित्तिका विरघळवणारे एक विकर असते, असे १९२२ साली अलेक्झांडर फ्लेमिंग यांनी दाखवून दिले. त्याचे नाव लायसोझाइम. (पेनिसिलिनचा शोध यानंतर सहा वर्षांनी लागला.) म्हणजे अश्रू हा शरीराच्या संरक्षणव्यवस्थेचाच एक भाग. मग हीच व्यवस्था अश्रू आटवत असेल, अशी शंका तरी कोणाला कशी यावी? ती यायला बराच काळ जावा लागला. त्याची ही हकिकत.

१८८८ साली कोनिग्सबर्ग येथे योहान मिकुलिच या शल्यचिकित्सकाने एका ४२ वर्षांच्या शेतकऱ्याची माहिती वैद्यकसभेपुढे मांडली. त्याच्या अश्रुग्रंथी व लाळग्रंथी दोन्ही बाजूंनी सुजल्या होत्या. सूक्ष्मदर्शकाखाली त्या ग्रंथींत बारीक गोल पेशींची दाटी दिसली. त्या पेशी तेथे का जमल्या, याचे उत्तर त्या काळी कोणाकडेच नव्हते.

१९०३ साली ऑटो शिर्मर या जर्मन नेत्रवैद्याने अश्रू मोजण्याची एक सोपी रीत सांगितली. गाळणकागदाची ५ मि.मी. रुंद पट्टी खालच्या पापणीत अडकवायची आणि पाच मिनिटांत ती किती भिजते ते पाहायचे. ५ मि.मी. पेक्षा कमी भिजली तर अश्रू नक्कीच कमी आहेत असे समजावे. ही चाचणी आजही वापरात आहे. पण पाणी किती, एवढेच ती सांगते. ते का आटले हे सांगत नाही.

तीन तक्रारी, एक रोग

१९३० च्या सुमारास स्वीडनमधील स्टॉकहोम येथे हेन्रिक श्योग्रेन या तरुण नेत्रवैद्याकडे एक स्त्री आली. तिचे डोळे कोरडे, तोंड कोरडे आणि सांधे दुखत होते. डोळ्यांचे डॉक्टर सहसा सांध्यांची चौकशी करत नाहीत. श्योग्रेन यांनी ती केली, आणि पुढच्या रुग्णांच्या बाबतीतही करत राहिले. १९३३ साली त्यांनी जर्मन भाषेत प्रबंध सादर केला. त्यात १९ स्त्रियांची नोंद होती आणि त्यांपैकी १३ जणींना संधिवात होता. ग्रंथींच्या छेदांत पुन्हा त्याच गोल पेशी होत्या. श्योग्रेन यांचा निष्कर्ष असा, की हा केवळ डोळ्याचा विकार नसून साऱ्या शरीराचा आहे.

परीक्षकांवर या प्रबंधाची फारशी छाप पडली नाही. विद्यापीठात अध्यापक होण्याइतकी श्रेणी त्यांना मिळाली नाही. पुढे योनशोपिंग या गावच्या रुग्णालयात त्यांनी काम केले. १९४३ साली ब्रूस हॅमिल्टन या ऑस्ट्रेलियन नेत्रवैद्याने प्रबंधाचे इंग्रजी भाषांतर केले, तेव्हा कोठे तो सर्वदूर पोचला. आज हा रोग श्योग्रेन यांच्याच नावाने ओळखला जातो.

रक्षकच उलटतात

त्या गोल पेशी होत्या लसिकापेशी, म्हणजे प्रतिकारशक्तीचे शिपाई. पण जंतू नसताना त्या तेथे काय करत होत्या? शरीर स्वतःवर हल्ला करणार नाही, अशी पॉल एर्लिख यांच्या काळापासून वैद्यकाची धारणा होती. १९५६ साली तिला जोराचा धक्का बसला. अमेरिकेत विटेब्स्की आणि रोझ यांनी सशांत, तर लंडनमध्ये रॉइट, डोनियाक व त्यांच्या सहकाऱ्यांनी रुग्णांत, स्वतःच्याच अवटू ग्रंथीविरुद्ध प्रतिकारयंत्रणा काम करते असे दाखवले. मग श्योग्रेन यांच्या रोगाकडेही त्या दृष्टीने पाहिले जाऊ लागले. अशा रुग्णांच्या रक्तात स्वतःच्याच पेशींतील प्रथिनांविरुद्ध प्रतिपिंडे सापडली.

मात्र डोळे कोरडे पडणाऱ्या बहुतेकांना हा रोग नसतो. त्यांच्या बाबतीत कारण साधे मानले जाई: पाणी कमी तयार होते किंवा लवकर उडून जाते. १९९५ साली अमेरिकेतील तज्ज्ञांनी केलेल्या व्याख्येत एवढेच होते. २००७ च्या आंतरराष्ट्रीय व्याख्येत मात्र 'दाह' हा शब्द आला.

दरम्यान २००६ साली उंदरांवरील एक प्रयोग प्रसिद्ध झाला. काही उंदरांना अश्रू कमी करणारे औषध देऊन कोरड्या वाऱ्याच्या झोतात ठेवले. मग त्यांच्या शरीरातील टी पेशी काढून, टी पेशी नसलेल्या दुसऱ्या उंदरांना टोचल्या. या दुसऱ्या उंदरांना कोरडा वारा लागलाच नव्हता. तरी त्यांच्या डोळ्यांना व अश्रुग्रंथींना दाह झाला आणि अश्रू कमी झाले. कोरडेपणा जणू पेशींबरोबर एका प्राण्यातून दुसऱ्यात गेला!

याचा अर्थ असा, की पाणी उडाले की उरलेल्या अश्रूंतील क्षारांचे प्रमाण वाढते. त्यामुळे डोळ्याच्या पृष्ठभागावरील पेशी धोक्याचे संदेश सोडतात. त्या हाकेने टी पेशी येतात आणि श्लेष्मा तयार करणाऱ्या पेशींचीच हानी करतात. श्लेष्मा कमी झाला की अश्रू डोळ्यावर टिकत नाहीत, कोरडेपणा वाढतो आणि पुन्हा हाक जाते. असे हे दुष्टचक्र आहे.

म्हणूनच उपचारही बदलले. सायक्लोस्पोरिन हे बुरशीपासून मिळालेले औषध मूत्रपिंडरोपणात शरीराचा विरोध शमवण्यासाठी वापरत. अमेरिकेतील पशुवैद्य रेनी कास्वान यांनी ते कुत्र्यांच्या कोरड्या डोळ्यांत घालून पाहिले आणि अश्रू वाढले. कुत्र्यांसाठी १९९५ साली व माणसांसाठी २००२ साली अमेरिकेत या थेंबांना परवानगी मिळाली. कृत्रिम अश्रू तेवढ्यापुरता ओलावा देतात. हे औषध टी पेशींना आवरते. त्याचा गुण यायला मात्र आठवडे, कधी महिने लागतात.

प्रतिकारशक्ती शिकवताना आपण सैन्याची उपमा देतो. सैन्याला शत्रू ओळखता यावा लागतो, तसे थांबताही यावे लागते, हा उरलेला अर्धा धडा वर्गात सांगायला हवा. आणि एखाद्याच्या डोळ्यांत सतत वाळू गेल्यासारखे वाटत असेल, पाण्याच्या घोटाशिवाय भाकरीचा घास उतरत नसेल, शिवाय सांधेही धरत असतील, तर या तीन तक्रारी तीन डॉक्टरांकडे वाटून न देता एकाच डॉक्टरांना एकत्र सांगाव्यात. श्योग्रेन यांनी १९३३ साली सांगितले ते हेच.