जुनी मोटारसायकल घेताय? कुडपणच्या घाटात नेण्याआधी गाडी आणि कागद असे तपासा

पोलादपूर : महाड एमआयडीसीत शिफ्टला जायचं म्हटलं तर एसटीच्या वेळेवर भागत नाही. कुडपणसारख्या माथ्यावरच्या गावातून तर दूध, औषध, बँक काहीही असो, आधी घाट उतरायचा आणि संध्याकाळी पुन्हा चढायचा. त्यामुळे गावोगावच्या पोरांना पहिली गाडी हवी असते, आणि नवीचा हप्ता परवडत नाही म्हणून नजर जुन्यावर जाते. त्यात आता राजदूत, येझदी, आरएक्स 100, जुनी बुलेट यांची हौस आली आहे. कुणाच्या पडवीत, कुणाच्या गोठ्यात ताडपत्रीखाली अशी एखादी गाडी असतेच. पण नुकतीच गाडी शिकलेल्या माणसाने ती घेऊन थेट घाटात उतरायचं म्हणजे आधी बरंच काही बघावं लागतं.

पहिली गोष्ट, या गाड्या आजच्या गाड्यांसारख्या चालत नाहीत. जुन्या बुलेटचा गिअर उजव्या पायाला आणि मागचा ब्रेक डाव्या पायाला असतो, शिवाय पहिला गिअर वर आणि बाकीचे खाली. स्प्लेंडरवर शिकलेला पोरगा घाबरला की उजवा पाय दाबतो, आणि तिथे ब्रेक नसतोच. येझदीची किक आणि गिअरचा दांडा एकच. किक मारून झाली की तोच दांडा पुढे वळवून गिअर टाकायचा. आरएक्स 100 चे गिअर-ब्रेक ओळखीच्या जागी आहेत, पण वजनाने हलकी आणि उचल फार, त्यामुळे नवशिक्याच्या हातात ती लवकर निसटते. तेव्हा आधी मोकळ्या मैदानात आठ-पंधरा दिवस हात बसवावा. निव्वळ कामासाठी गाडी हवी असेल तर जुनी हिरो होंडा सीडी 100 किंवा तिच्यासारखी चार स्ट्रोकची गाडी बरी. दिसायला साधी, पण घाटाला समजूतदार.

आता घाट. राजदूत, येझदी, आरएक्स 100 या दोन स्ट्रोकच्या गाड्या. राजदूत आणि येझदीत ऑईल पेट्रोलमध्येच मिसळावं लागतं, आणि त्या पेट्रोलबरोबर जे ऑईल आत जातं तेवढंच पिस्टनला मिळतं. लांब उतारावर आपण अॅक्सिलेटर पूर्ण सोडतो, पण गिअरमुळे इंजिन जोरात फिरतच असतं. पेट्रोल बंद म्हणजे ऑईलही बंद. पिस्टन कोरडा घासतो, तापतो आणि एखाद्या वळणावर जाम होतो. पिस्टन जाम झाला की मागचं चाक लॉक होतं. म्हणून अशा गाडीने उतरताना मधूनमधून क्लच दाबून थोडा अॅक्सिलेटर द्यायचा. गाडी अचानक ओढल्यासारखी वाटली, आवाज बदलला, तर त्याच क्षणी क्लच दाबायचा.

दुसरं असं की दोन स्ट्रोकचं इंजिन उतारावर गाडी फारशी रोखून धरत नाही. चार स्ट्रोकची गाडी ज्या गिअरमध्ये घाट चढली त्याच गिअरमध्ये उतरवली तर अर्धं काम इंजिनच करतं. दोन स्ट्रोकला सगळा भार ब्रेकवर येतो. हे ब्रेक ड्रमचे. सतत दाबून धरले की लायनर तापतात, वास येतो आणि मग ब्रेक लागेनासे होतात. दाबून धरू नये. थोडा दाबून सोडायचा, पुन्हा दाबायचा, आणि वास आला की बाजूला घेऊन गाडी थंड होऊ द्यायची. ओढ्याच्या पाण्यातून गाडी काढली असेल तर ड्रममध्ये पाणी जातं, तेव्हा पुढे थोडं अंतर ब्रेक हलका दाबत जावं म्हणजे लायनर सुकतात. पेट्रोल वाचवायला इंजिन बंद करून न्यूट्रलमध्ये घाट उतरणारे आपल्याकडे कमी नाहीत. वाचतं चमचाभर पेट्रोल.

1 एप्रिल 2019 पासून नव्या गाड्यांना 125 सीसीपर्यंत दोन्ही ब्रेक एकत्र लागण्याची सोय किंवा एबीएस, आणि त्यावरच्या गाड्यांना एबीएस सक्तीचं झालं. जुन्या गाडीत यातलं काहीच नाही. चाक घसरायचं की नाही ते पूर्ण आपल्या हाता-पायावर.

गाडी बघायला जाताना सकाळी उजेडात जा, पावसात नको. ओल्या गाडीवर गळणारं ऑईल दिसत नाही. विकणाऱ्याला आधीच सांगा की आम्ही येईपर्यंत चालू करू नका. पोचल्यावर इंजिनला हात लावून बघा. गरम लागलं तर गाडी थंडीत सुरू होत नसावी असं समजा. किक मारताना पायाला दम लागला पाहिजे. किक सुळकन खाली गेली तर बोअर-पिस्टनचं काम आलं. दोन स्ट्रोकला थोडा धूर असतोच, पण चार स्ट्रोकच्या गाडीने निळा धूर सोडला तर ऑईल जळतंय.

मग गाडी मेन स्टँडवर घेऊन पुढचं चाक उचला आणि हॅण्डल सावकाश दोन्हीकडे वळवा. मध्ये खटका लागला किंवा अडकलं तर कोनसेट गेला. पुढच्या शॉकअपच्या नळ्या खालून धरून पुढे-मागे हलवा, खडखड येता कामा नये. मागचं चाक धरून आडवं हलवा. बुश गेलेली गाडी वळणावर शेपटी हलवते. चाकं फिरवून बघा, सगळ्या आऱ्यांवर स्क्रू-ड्रायव्हर टिचकवा, ढिल्या आरीचा आवाज बद्द येतो. टाकीखाली, हॅण्डलच्या मागे चेसीवर वेल्डिंग केलेलं दिसलं तर किंमत कितीही कमी असो, गाडी सोडून द्या.

टायरच्या बाजूला चार आकडे असतात. 2319 म्हणजे 2019 सालचा 23 वा आठवडा. नक्षी दिसते म्हणून टायर चांगला असं नाही. उभ्या गाडीचा टायर कडक होऊन चिरतो आणि ओल्या डांबरावर धरत नाही. टायर, ट्यूब, ब्रेक लायनर, क्लच-ब्रेकच्या केबल आणि पेट्रोलचा पाईप हे बदलायचंच असं धरून भाव करा. आता पंपावर 20 टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं, जुने रबरी पाईप आणि कार्बोरेटरमधली रबरं त्याने लवकर खराब होतात. टाकीत पेट्रोल भरून पावसाळाभर गाडी उभी ठेवली तर खाली पाणी साचतं, ते वेगळंच.

लाईट रात्रीच तपासा. जुन्या बऱ्याच मॉडेलना 6 व्होल्टची बॅटरी आहे, इंजिनचा वेग कमी झाला की उजेड पिवळा पडतो. धुक्यात वळणावर वेग कमी करायचा आणि नेमका तेव्हाच उजेड जायचा. मेकॅनिकला विचारून 12 व्होल्टचं काम करून घेतलेलं चांगलं.

आपल्या भागात आणखी एक बघायला हवं. जुलै 2021 च्या पुरात महाड शहर पाण्याखाली गेलं, तेव्हा गाड्याही बुडाल्या. बुडालेली गाडी धुऊन, रंगवून उभी केली तर पटकन ओळखू येत नाही. हेडलाईटची काच उघडून आत गाळाची रेघ आहे का, मीटरच्या काचेआड ओल आहे का, सीटच्या फोमला कुबट वास येतो का, वायरिंगच्या जोडांवर हिरवट थर आहे का, हे बघा.

कागदांचं प्रकरण याहून महाग पडू शकतं. खासगी गाडीची नोंदणी 15 वर्षांची, पुढे दर पाच वर्षांनी गाडी निरीक्षकाला दाखवून पासिंग करायचं. ऑगस्ट 2025 च्या नियमाप्रमाणे 20 वर्षांवरील मोटारसायकलला त्याची फी 2,000 रुपये आहे, पर्यावरण कर वेगळा. मुदत टळली असेल तर महिन्याला 300 रुपये जादा. पाच वर्षं टळली तर 18,000 झाले. म्हणून 'कागद आहेत' एवढ्यावर थांबू नका. एमपरिवहन अॅपवर नंबर टाकून मुदत, विमा आणि कर्जाचा बोजा बघा. बोजा असेल तर बँकेची एनओसी आणि 35 नंबरचा फॉर्म लागतो. तीन अक्षरांचा जुन्या पद्धतीचा नंबर असेल आणि ऑनलाइन नोंद सापडली नाही, तर पैसे देण्याआधी आरटीओत चौकशी करा. आपल्या एमएच 06 चं कार्यालय पेणला, पोलादपूरहून शंभर किलोमीटरच्या वर. पण नंतर मारायच्या दहा फेऱ्यांपेक्षा ही एक फेरी स्वस्त. आरसी बुकावरचा इंजिन नंबर आणि चेसी नंबर गाडीवरच्या नंबरशी स्वतः जुळवा. खरवडलेला किंवा पुन्हा ठोकलेला दिसला तर व्यवहार नको.

नावावर करायला 29 आणि 30 नंबरचे फॉर्म. मालक वारला असेल तर वारसाने 31 नंबरचा फॉर्म देऊन आधी स्वतःच्या नावावर करायची, मगच विकायची. नुसत्या सहीच्या कोऱ्या फॉर्मवर वर्षानुवर्षं गाडी फिरवणं विकणाऱ्यालाच गोत्यात आणतं : फेब्रुवारी 2018 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की आरटीओत ज्याचं नाव तोच मालक, अपघाताची भरपाई त्याच्यावर. थर्ड पार्टी विमा तर पहिल्या दिवसापासून हवा.

'विंटेज' हा शब्द जपून वापरा. 2021 च्या नियमांत 50 वर्षांवरील मूळ स्वरूपातली गाडी विंटेज म्हणून नोंदवता येते, 'व्हीए' अक्षरांचा नंबर मिळतो. फी 20,000 रुपये, आणि अशी गाडी रोजच्या वापराला चालत नाही, फक्त प्रदर्शन, रॅली वगैरेसाठी. शिफ्टला जाणाऱ्याने त्या फंदात पडू नये.

गिअरच्या गाडीचं लायसन्स 18 वर्षं पूर्ण झाल्याशिवाय मिळत नाही. अल्पवयीन पोराच्या हातात गाडी दिली तर पालकाला किंवा मालकाला 25,000 रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. शिकाऊ लायसन्स निघाल्यावर 30 दिवसांनी पक्क्याची परीक्षा देता येते. तेवढे दिवस मैदानात आणि गावच्या रस्त्यावर काढा. मागे कुणाला न बसवता पहिल्यांदा घाट चढा, उतरायचं त्यानंतर, तेही दिवसा आणि कोरड्या रस्त्यावर. आयएसआय मार्कचं हेल्मेट गाडीच्या हिशोबातच धरा, आणि टूलच्या डब्यात एक जादा प्लग, प्लगचा पाना आणि क्लचची केबल असू द्या.