अपुऱ्या खेळाची विक्री: एका निर्णयाचा इतिहास

१/
जून २००९. स्वीडनमधील प्रोग्रॅमर मार्कस पर्सन याने फावल्या वेळात रचलेला एक व्हिडिओ गेम विक्रीस ठेवला. तो अपुरा होता आणि ही गोष्ट त्याने लपवली नाही. ठोकळे फोडायचे आणि रचायचे, याखेरीज त्यात फारसे काही नव्हते. किंमत ९.९५ युरो. नाव माइनक्राफ्ट.

२/
सौदा सरळ होता. खेळ जसजसा पुढे सरकेल तसतशी किंमत वाढेल. आज घेणाऱ्यास मात्र पुढील सर्व आवृत्त्या विनामूल्य मिळतील. २०१० मध्ये पर्सनने नोकरी सोडली. जानेवारी २०११ मध्ये विक्री १० लाख प्रतींवर पोहोचली, तेव्हाही खेळ बीटा अवस्थेतच होता. पूर्ण आवृत्ती १८ नोव्हेंबर २०११ रोजी आली.

३/
अशी विक्री करणारा पर्सन पहिला नव्हे. तुर्कस्तानातील टेलवर्ल्ड्सचा ‘माउंट अँड ब्लेड’ २००८ मध्ये पूर्ण झाला. त्याची बीटा आवृत्ती त्याआधीच विकली जात होती. मुळात हा पोटाचा प्रश्न होता. खेळ घडवण्यास वर्षे लागतात, घरभाडे मात्र थांबत नाही. प्रकाशकाकडून आगाऊ रक्कम घ्यावी, तर निर्णयाचे अधिकार गमावण्याचा धोका; बचत मोडावी, तर ती खेळाआधी संपण्याचे भय.

४/
२० मार्च २०१३ रोजी वाल्व्ह कंपनीने आपल्या स्टीम या विक्रीमंचावर ‘अर्ली ॲक्सेस’ हा विभाग १२ खेळांनिशी उघडला. एरवी निर्माते आपापल्या संकेतस्थळावर करीत होते, त्या प्रयोगाला आता बाजारपेठ लाभली.

५/
त्याच वर्षी १६ डिसेंबरला झेक कंपनी बोहेमिया इंटरॲक्टिव्हचा ‘डेझी’ आला. विकासास हातभार लावायचा नसेल तर हा खेळ घेऊ नका, असा इशारा विक्रीच्या पानावरच होता. तरीही महिनाभरात १० लाखांहून अधिक प्रती खपल्या. प्रकल्पाचा प्रमुख डीन हॉल २०१४ च्या अखेरीस कंपनीतून बाहेर पडला. पूर्ण आवृत्ती येण्यास डिसेंबर २०१८ उजाडला.

६/
इशारा दिला म्हणून अपेक्षा थांबत नाही. ग्राहक आजचा खेळ विकत घेतो, पण मनात उद्याचा खेळ धरून. नोव्हेंबर २०१४ मध्ये वाल्व्हने निर्मात्यांसाठीची मार्गदर्शक तत्त्वे अधिक स्पष्ट केली: भविष्याविषयी ठाम आश्वासने देऊ नका, आणि विक्री जवळपास झालीच नाही तरी काम पुढे नेता येणार नसेल, तर या वाटेला जाऊ नका.

७/
प्रत्येक खेळाला ही वाट मानवतेच असे नाही. कथाप्रधान खेळात पहिला अनुभव एकदाच मिळतो. सुपरजायंट गेम्सने डिसेंबर २०१८ मध्ये ‘हेडीझ’ अपुरा विकला, तो पुन्हापुन्हा नव्याने खेळण्याच्या रचनेचा होता. कथेचा खरा शेवट सप्टेंबर २०२० च्या पूर्ण आवृत्तीसाठी राखून ठेवला.

८/
लॅरियन स्टुडिओजने ‘बॉल्डर्स गेट ३’ बाबत वेगळा विचार केला. ऑक्टोबर २०२० मध्ये केवळ पहिला अंक विक्रीस आला, तोही ६० डॉलर या पूर्ण किमतीत. खेळाडूंच्या प्रतिक्रियांतून तो अंक घासूनपुसून घेतला गेला. उरलेली कथा ३ ऑगस्ट २०२३ पर्यंत झाकलेलीच राहिली.

९/
या इतिहासातून दोन प्रश्न उरतात. उद्या एकही नवी भर पडली नाही, तरी आजचा खेळ आजच्या किमतीस उतरेल का? आणि फारशा प्रती खपल्या नाहीत, तरी तो पुरा करण्याचे बळ आहे का? यांपैकी एकाचेही उत्तर ‘नाही’ असेल, तर विक्री खेळाची होत नसते. ती वचनाची असते, आणि न पाळता आलेल्या वचनाची किंमत निर्मात्याचा पुढचा खेळही मोजतो.

१०/
माइनक्राफ्टच्या पहिल्या ग्राहकांना पुढे कितीतरी मोठा खेळ मिळाला. पण ९.९५ युरो देताना त्यांच्यासमोर होते ते फक्त ठोकळे. ते फोडण्यात आणि रचण्यात त्याच दिवशी आनंद होता.