सरस्वतीची सरसोती

नाशिक जिल्ह्याच्या बागलाणातलं नामपूर मोसम नदीच्या काठी आहे. आणि आपण आंब्याचा मोसम म्हणतो, लग्नाचा मोसम म्हणतो, तेव्हाही शब्द मोसमच असतो. हा ऋतुवाचक मोसम अरबी ‘मौसिम’वरून आला. त्याच मौसिमवरून युरोपीय दर्यावर्दींनी ‘मान्सून’ घडवला. उच्चार सारखा म्हणून कूळ एक, हा न्याय शब्दचर्चेत चालत नाही, तेव्हा बागलाणातल्या नदीची सोयरीक अरबस्तानात जुळवायची घाई नको. पण नदी आणि ऋतू एकाच नावात भेटावेत हा योगायोग मात्र मजेचा आहे. कारण विद्येच्या देवीची आपल्या तोंडी असलेली दोन मुख्य नावं याच दोन गोष्टींवरून पडली. सरस्वती हे नाव नदीचं आणि शारदा हे ऋतूचं.

आधी नदी पाहू. सरस् म्हणजे पाणी, तळं. ते जिच्यापाशी भरपूर आहे ती सरस्वती. ‘स्वतःचं सार देणारी’ किंवा ‘सरस असलेली’ अशा फोडी व्यासपीठावरून ऐकू येतात. त्या भाविकाच्या आहेत, व्याकरणाच्या नाहीत. संस्कृत व्याकरणाची परंपरा सरस् हा शब्द ‘सृ’ म्हणजे सरकणं, वाहणं या धातूकडे नेते. आपले सरणं, पसरणं, ओसरणं, निसरडं हे रोजचे शब्द याच धातूचे. संसारही त्याचाच, सतत पुढे सरकत राहणारा. तौलनिक भाषाशास्त्र सरस् शब्दाशेजारी ग्रीकमधला पाणथळ जागेचा शब्द ‘हेलोस’ ठेवतं. दोन्ही वाटांनी गेलो तरी पाय ओलेच होतात.

ऋग्वेदातली सरस्वती आधी नदी आहे, श्रेष्ठ नदी, आणि त्याच ओघात देवीही. तिचं नाव इराणी भाषांतही सापडतं. तिकडे संस्कृतातल्या ‘स’च्या जागी ‘ह’ येतो. सप्तचा हप्त होतो, त्यातून फारसीत आठवड्याला हफ्ता म्हणतात आणि आपल्याकडे कर्जाचा हप्ता येतो. त्याच नियमानं सरस्वतीच्या जागी अवेस्तात ‘हरख्वइती’ भेटते. आजच्या अफगाणिस्तानात कंदाहारच्या आसपासचा तो मुलूख. ग्रीकांनी त्याला आराखोसिया म्हटलं. नाशिक जिल्ह्यातल्या माणसाला मात्र सरस्वती नदी पाहायला इतकं लांब जावं लागत नाही. सिन्नर गावातून वाहणाऱ्या नदीचं नाव सरस्वतीच आहे.

आता ऋतू. शरद् या शब्दापासून शारद, त्यापासून शारदा. आपल्याकडे देवीचं पूजन याच ऋतूत होतं. आश्विनातल्या नवरात्रात पंचांग सरस्वती आवाहन आणि सरस्वती पूजन यांचे दिवस नक्षत्रांवरून देतं. दसऱ्याला पाटीवर आकड्यारेघांची सरस्वती काढून पाटीपूजन होतं. बंगालात आणि उत्तरेत विद्येच्या देवीचा दिवस वसंत पंचमीचा. म्हणजे शारदा हे नाव महाराष्ट्राच्या पंचांगाला जास्त शोभतं.

शरद् शब्दाची खरी गंमत पुढे आहे. वैदिक भाषेत शरद् म्हणजे वर्षसुद्धा. शंभर शरद जगणं म्हणजे शंभर वर्षं जगणं. याच शब्दाचं इराणी भावंड अवेस्तात ‘सरद’, जुन्या फारसीत ‘थर्द’ आणि पुढे झिजून ‘साल’ झालं. ते साल फारसीतून मराठीत आलं आणि बागलाण-खानदेशात त्याला ‘दार’ प्रत्यय लागून सालदार झाला. वर्षाच्या बोलीनं शेतावर राबणारा, आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, नवा करार करणारा गडी तो सालदार. शब्दांच्या वंशावळीत शारदा आणि सालदार चुलत भावंडं निघतात. एक देव्हाऱ्यात बसली, दुसरा बांधावर उभा राहिला.

तिसरा धागा वाणीचा. नामपूरच्या बाजारपेठेत ‘वाणी’ म्हटल्यावर आधी दुकानदार आठवतो. हे आडनाव खानदेशात सर्वदूर ओळखीचं आहे. तो वाणी ‘वणिज्’वरून आला. देवीचं नाव असलेली वाणी म्हणजे बोलणं, तिचं कूळ वेगळं. कांद्याच्या बियाण्याचं वाण तिसरंच, ते ‘वर्ण’ शब्दाचं झिजलेलं रूप. एका बाजारात तीन घराण्यांचे शब्द एकाच पोशाखात फिरतात.

अमरकोश या संस्कृत शब्दकोशात वाणीचे प्रतिशब्द पाहावेत. ब्राह्मी, भारती, भाषा, गीः, वाक्, वाणी, सरस्वती अशी ती माळ आहे. ‘भाषा’ आणि ‘सरस्वती’ हे तिथे एकाच अर्थाचे शब्द आहेत. या माळेत पुस्तक नाही, पाटी नाही, परीक्षा तर नाहीच. आपण विद्येची देवी म्हणतो खरं, पण शब्दांच्या साक्षीनं पाहिलं तर ती आधी बोलण्याची देवी आहे. वाचा बसणं, वाचा फुटणं हे वाक्प्रचार ‘वाक्’चेच. एवढंच काय, ‘वाचणं’ हे क्रियापदही ‘वच्’ म्हणजे बोलणं या धातूच्या प्रयोजक रूपाचं, ‘वाचयति’चं. वाचणं म्हणजे मुळात बोलायला लावणं, अक्षरांकडून वदवून घेणं. लिहिलेलंही शेवटी जिभेवरच येतं.

जिभेची ही सत्ता ओळखणारी बाई खानदेशातच होऊन गेली. असोद्याला जन्मलेल्या बहिणाबाई चौधरी (1880–1951) यांना लिहिता-वाचता येत नव्हतं. त्यांची गाणी 1952 साली पुस्तकरूपानं आली, त्याला आचार्य अत्र्यांची प्रस्तावना होती. बहिणाबाईंच्या तोंडी देवीचं नाव ‘सरसोती’ आहे. शहरी वाचकाला ते गोड वाटतं, पण गोड म्हणताना मनात कुठेतरी ‘अशुद्ध’ हा शिक्काही तयार असतो.

हा शिक्का मारण्याआधी व्याकरणाकडे जाऊ. पाणिनीच्या व्याकरणात संप्रसारण नावाची संज्ञा आहे: य, व, र, ल यांच्या जागी इ, उ, ऋ, लृ हे स्वर येतात. ‘वच्’पासून ‘उक्ती’ होते ती अशीच, व जाऊन उ आला. ‘स्वप्’पासून ‘सुप्त’ होतं तेही असंच. ‘स्वर’चा मराठीत ‘सूर’ झाला, त्याला कोणी अशुद्ध म्हणत नाही. सरस्वतीतला ‘स्व’ याच वाटेनं सैल झाला: हरियाणातल्या लोकांनी आपल्या नदीला ‘सरसुती’ म्हटलं, आणि खानदेशात उकाराचा ओकार होऊन ‘सरसोती’ झाली. व्याकरणकारानं सूत्रात बांधलेली खोड निरक्षर जिभेला आपसूक होती.

व्याकरणाचं संस्कृत आणि जिभेवरची बोली, ही दोन्ही टोकं बागलाणात सापडतात. मोसम नदीच्या वरच्या अंगाला मुल्हेर आहे. त्याचं जुनं नाव मयूरगिरी. मोर हे आपल्याकडच्या चित्रांतलं शारदेचं वाहन, म्हणून नावही साजेसं. तिथल्या बागुल राजांच्या पदरी रुद्रकवी होता. नारायणशहाच्या काळात, 1596 साली, त्यानं ‘राष्ट्रौढवंश महाकाव्य’ हे संस्कृत काव्य वीस सर्गांत रचलं. त्याच नदीखोऱ्यात लोक अहिराणी बोलत आले. ‘आहे’ला ‘शे’ म्हणणारी, ‘डोळा’चा ‘डोया’ आणि ‘काळा’चा ‘काया’ करणारी ही बोली भाषाशास्त्रज्ञ ग्रिअर्सननं आपल्या भाषापाहणीत 1907 साली मराठीच्या खंडात न ठेवता ‘खानदेशी’ म्हणून भिल्ल भाषांच्या खंडात नोंदवली. ती मराठीची बोली की वेगळी भाषा, हा वाद अभ्यासकांनी घालावा. अमरकोशाच्या हिशेबानं रुद्रकवीचं संस्कृत आणि शेतात चालणारी अहिराणी दोन्ही ‘भाषा’, म्हणून दोन्ही सरस्वती.

आपल्या शाळांत मात्र सरस्वतीची वाटणी झालेली दिसते. फोटो, हार आणि प्रार्थना तिच्या नावानं होतात. घरून बोली घेऊन आलेलं पोर तोंड उघडलं की हसण्यावारी जातं. त्या पोराला प्रमाण मराठी शिकवायलाच हवी. परीक्षेला, नोकरीला, परगावाला ती लागते. पण ‘डोळा’ शिकवण्यासाठी ‘डोया’ची लाज वाटायला लावणं हा शिकवण्याचा भाग नाही. बोलण्याच्या देवीची पूजा करायची आणि बोलणाऱ्याला गप्प करायचं, हे तिच्या कोणत्याही नावात बसत नाही.

तेव्हा शिक्षकांना आणि आईबापांना एवढंच सांगणं: येत्या दसऱ्याला पाटीवर सरस्वती काढून झाली की तिच्याखाली मुलाला आपल्या घरातला एक शब्द लिहू द्या, जसा आजी बोलते तसा. त्याच्या शेजारी प्रमाण शब्दही लिहून घ्या. आणि एखाद्यानं देवीचंच नाव ‘सरसोती’ असं लिहिलं, तर ते खोडू नका.